तुम्ही विचारलंत म्हणून: मशेरी लावत होतात का?

तपासणीला खारघरला टाटाच्या कॅन्सर केंद्रात जाते, तेव्हा ठाणे-पनवेल लोकल पकडते. स्कार्फ घसरला की जबड्याखालचा वण दिसतो. समोरची ताई ऐरोलीपर्यंत कशीबशी थांबते आणि विचारतेच, "मावशी, मशेरी लावत होतात का?"

नाही हो. सुपारीसुद्धा आमच्याकडे फक्त पूजेच्या तबकात.

तंबाखूचा कॅन्सर तोंडाच्या अस्तरात सुरू होतो. गालात, जिभेवर, हिरडीवर चट्टा किंवा जखम दिसते. माझा जबड्याच्या हाडाच्या पोटातच उगवला. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात वर आला की नाहीशा होतात, म्हणून तर झिजलेलं एनॅमल परत येत नाही. पण त्याच कुळातल्या थोड्या पेशी जबड्यात मागे राहतात, तुमच्याही. जन्मभर त्या गप्प असतात. क्वचित कुणाच्या गाठ धरतात आणि तीही बहुधा कॅन्सरची नसते. अमेलोब्लास्टोमा त्यातलाच; हाड मात्र तोही पोखरतो. माझ्या रिपोर्टवर त्याचा दुर्मीळ, वाईट भाऊ होता: अमेलोब्लास्टिक कार्सिनोमा. गाठीच्या तुकड्याची स्लाइड दोनदा वाचून घेतली.

आधी दाढ हलायला लागली. काढली, तर खड्डा दोन महिने भरेना. दातांचे डॉक्टर म्हणाले, वयामुळे होतं. तोंड आतून स्वच्छ, मग संशय कशाला यावा? एका सकाळी चहा हनुवटीवरून ओघळला आणि मला पत्ताच नाही. नातीने पुसला. खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते, हे मला तेव्हा कुठे माहीत! ओठ बधिर झाला म्हटल्यावर मात्र लगेच एक्स-रे निघाला.

मग कशामुळे झाला? नेमकं कारण डॉक्टरांकडेही नाही. हे सांगितलं की समोरचीचा चेहरा पडतो. मशेरी निघाली असती तर ती निर्धास्त झाली असती: आपण लावत नाही, आपल्याला होणार नाही.

ऑपरेशनमध्ये डावा जबडा गेला. त्या जागी माझ्याच पायाचं बारीक हाड तुकडे करून, वळण देऊन पट्ट्यांनी बसवलंय. त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडल्यात. शरीराचा भार शेजारचं जाड हाड पेलतं, म्हणून चालता येतं. भाकरी अजून आमटीत कुस्करूनच.

खारघरला उतरताना पाय जरा ओढते, तर मागून आवाज येतो, "गुडघे का हो, मावशी?"