चूक कोणाची, पॉइंट कोणाला

मंगळवार, रात्री पावणेबारा

आज कॉम्प्युटरवरच्या कार रेसच्या गेममध्ये परत ठोकलं मला. मी नाही ठोकलं, मला ठोकलं, मागून येऊन, आणि दंडाचे पॉइंट किती? त्याला चार, मलाही चार. म्हणजे इंदूरच्या फूटी कोठीच्या चौराह्यावर ऑटोवाल्याने माझ्या अ‍ॅक्टिव्हाला येऊन भिडावं आणि ट्रॅफिकवाल्याने दोघांचंही चालान फाडावं, तसलं. झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

हे सगळं ओंकारमुळे. ताईचा मुलगा, नोकरीला बंगलोरला गेला, तिथल्या पीजीच्या खोलीत पलंग आणि कपाट सोडून जागाच नाही म्हणून त्याचा सगळा पसारा, कॉम्प्युटर, स्टीयरिंग, पेडल्स, आमच्या सुदामा नगरच्या घरी मधल्या खोलीत येऊन पडला. 'मावशी, धूळ तेवढी पुसत जा' एवढंच सांगून गेला होता. पुसता पुसता एक दिवस बसले खुर्चीत, स्टीयरिंग धरलं, आणि आता तीन आठवडे झाले, रोज रात्री जेवणं आटोपली की मी ट्रॅकवर. ओंकारने फोनवर सांगून सांगून आयरेसिंग या ऑनलाइन रेसच्या गेमवर माझं वेगळं खातं काढून दिलं, तिथे स्वतःच्या खऱ्या नावाने उतरावं लागतं, त्यामुळे धडकले की आडनावासकट सगळ्या जगाला कळतं.

मला कार येत नाही हे इथे लिहून ठेवते. वय ४४, लायसन्स फक्त टू व्हीलरचं, दिवसभर सियागंजला एका व्यापाऱ्याकडे खाती लिहिते. कॉलेजात असताना सायबर कॅफेत रोड रॅश खेळले होते तेवढाच अनुभव, आणि त्यात तर लाथ मारून दुसऱ्याला पाडणं हाच गेम होता.

ओंकारला मी पहिला प्रश्न विचारला होता, हॉर्न कुठलं बटण? तो एवढा हसला की फोन ठेवून परत केला. म्हणाला हॉर्न नसतो मावशी. मी म्हटलं मग पुढच्याला कळणार कसं मी आलेय ते? तर म्हणे आरसा असतो, शिवाय कानात एक माणूस बोलत असतो, स्पॉटर, तो 'कार लेफ्ट', 'कार राइट' असं सांगतो. इंदूरच्या माणसाला विनाहॉर्न गाडी चालवायला सांगणं म्हणजे वरून भुरभुरायच्या जीरावण मसाल्याशिवाय पोहे खायला सांगणं.

पॉइंटचं गणित असं आहे. चारही चाकं रस्त्याबाहेर गेली की एक. गाडी गरगर फिरली की दोन. दुसऱ्या गाडीला जोरात लागलं की चार. नुसतं घासलं तर शून्य, पण नोंद होते. आणि चूक कोणाची हे मशीन बघतच नाही! ओंकार म्हणतो ते मशीनला ठरवता येतच नाही, म्हणून दोघांनाही लावतात, मुद्दाम कोणी मारलं असं वाटत असेल तर रिप्ले जोडून तक्रार करायची सोय आहे, ती मग माणसं बघतात. पण या पॉइंटवरूनच सेफ्टी रेटिंग, म्हणजे किती सांभाळून चालवता याचा आकडा, ठरतं आणि त्यावरून गेममधलं लायसन्स, रुकी म्हणजे नवशिक्यावरून डी, मग सी, बी, ए. मी रुकी. सुरुवातीला सगळ्यांनाच २.५० देतात, त्यातून माझे २.१४ उरलेत. आयुष्यात कधी लाल पेनाची नोंद नाही आणि इथे ही दशा.

तक्रार करावी का?

बुधवार

ऑफिसात दिवसभर डोक्यात तेच. जीएसटीच्या एंट्र्या करता करता त्या वळणावर जाऊन येत होते. वळणाचं नाव बिग बेंड. ट्रॅक लाइम रॉक पार्क, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला, १९५७ सालचा, अडीच किलोमीटरही भरत नाही. एक वळण सोडलं तर बाकी सगळी उजवीकडचीच. लांबलचक सरळ रस्ता येतो आणि त्याच्या टोकाला हे बिग बेंड, तिथेच रोज रात्री दुकान लुटलं जातं.

संध्याकाळी ओंकारला फोन. त्याने आधी विचारलं, स्क्रीनपासून किती लांब बसतेस? मी म्हटलं मोजलं नाही. मोज म्हणाला. शिवणाची टेप काढली, साठ सेंटीमीटर. स्क्रीनची रुंदी त्रेपन्न. म्हणे मग तुझा फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती रुंद कोनातलं दिसतं तो आकडा, अठ्ठेचाळीस अंशाच्या आसपास पाहिजे, तू ठेवलाय नव्वद, म्हणून सगळं लांब आणि लहान दिसतंय आणि ब्रेक कुठे मारायचा ते कळत नाहीये. स्क्रीन ही खिडकी समज, खिडकीपासून जितकं लांब बसशील तितकं बाहेरचं कमी दिसणार, त्या हिशोबाने ठेवलं तरच वळण आहे तेवढ्याच अंतरावर दिसतं. केलं तसं. पहिले दहा मिनिटं वाटलं घोड्याला झापड लावतात तसं काहीतरी डोळ्यांना बांधलंय, बाजूचं काहीच दिसेना, गाडीही हळू चाललीये असं वाटायला लागलं. पण खरंच, वळण आता जवळ येताना 'कळतं'. एकटीच प्रॅक्टिस केली, एक मिनिट अकरा सेकंदांवरून एक मिनिट आठवर आले. मी चालवते त्याच माझदा एमएक्स-५ गाडीत चांगले लोक मिनिटाच्या आसपास फेरी मारतात, ते सोडून द्या.

मग पुढचा प्रश्न विचारला, एकटी असताना नीट थांबते तर रेसमध्ये त्याच खुणेवर ब्रेक मारूनही पुढच्याच्या अंगावर का जाते? हे त्याने फार छान सांगितलं. पुढच्या गाडीच्या मागे मागे गेलं की हवा ती गाडी कापते, आपल्याला अडथळा कमी, म्हणून आपण एरवीपेक्षा जास्त वेगाने वळणापाशी पोचतो. शिवाय पहिल्या फेरीत टायर थंड, पकड कमी. म्हणून पहिल्या फेरीत ब्रेक आधी, बराच आधी. (बसच्या मागे अ‍ॅक्टिव्हा लावून उलट्या वाऱ्यात घरी येणं मला चांगलं माहितीये, फक्त बस वळण बघून ब्रेक मारत नाही, मधेच कुठेही, स्टॉप नसला तरी मारते.)

पिंगचं पण विचारलं, म्हणजे इथून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. रात्री मी खेळते ते अमेरिकेतल्या सर्व्हरवर, कोपऱ्यात आकडा दोनशेच्या पुढे असतो. त्याचा अर्थ मी स्वतःच लावला. ताशी दीडशेने गाडी एका सेकंदात जवळपास बेचाळीस मीटर जाते, म्हणजे दोनशेच्या निम्म्यात, एका बाजूच्या सेकंदाच्या दहाव्या भागात चार मीटर, एमएक्स-५ ची अख्खी लांबी जवळजवळ तेवढीच. समोरच्याची खरी जागा इथवर पोचायला वेळ लागतो, तोवर कॉम्प्युटर अंदाजाने त्याला पुढे सरकवत राहतो. म्हणून एखाद्याच्या दाराला दार लावून जायचं नाही, मधे हातभर जागा सोडायची, मला घासलंसं दिसत नाही पण त्याच्या स्क्रीनवर घासलेलं असू शकतं.

मला एकदम वाटलं, सापडलं! मंगळवारी पिंगमुळेच झालं. माझी काहीच चूक नाही.

गुरुवार

गल्लीत खोदकाम, नेट नाही. भाकरी केल्या.

शुक्रवार, बारा वाजून गेले

आज बाबा जागे होते. बाबा म्हणजे सासरे, वय ८१, ऐन उमेदीची सगळी वर्षं क्लब मॅचेसमध्ये अंपायरिंग केली, अजूनही टीव्हीवर अपील झालं की यांचा हात आपोआप हलतो. त्यांना हे गेमचं प्रकरण पहिल्यापासून फार आवडलंय, मागे खुर्ची टाकून बसतात. गाड्यांचं त्यांना एकच कौतुक, होळकरांची ड्यूसेनबर्ग. यशवंतराव महाराजांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतून घेतलेली एसजे. बाबांनी ती पाहिली नाही, पाहिलेल्यांकडून ऐकली, पण सांगतात असं की जणू हेच पुसायचे. दर दोन दिवसांनी ती गाडी येतेच बोलण्यात. आणि नवऱ्याचं पिथमपूर. तो कामाला तिथेच असतो, त्यामुळे 'आपल्याकडे नॅट्रॅक्स या गाड्या तपासण्याच्या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक असताना तू अमेरिकेत काय फिरतेस' हे त्याचं ठरलेलं वाक्य. तिथे मला कोण सोडणार आहे.

तर बाबांना मंगळवारचा रिप्ले दाखवला. वाटलं होतं ते माझ्या बाजूने बोट वर करतील. त्यांनी विचारलं, दुसऱ्या बाजूने दिसतं का? मी म्हटलं दिसतं, त्याच्या गाडीत बसून पण दिसतं. लाव म्हणाले.

लावलं. त्याच्या काचेतून माझी गाडी. सरळ रस्ता, मी डावीकडे, उजव्या वळणाआधी जिथे असायला पाहिजे तिथेच. आतल्या बाजूला पूर्ण गाडी मावेल एवढी जागा मोकळी. तो त्या जागेत शिरतो, त्याचं पुढचं चाक माझ्या दरवाजापर्यंत येतं. माझे ब्रेक लाइट लागतात. आणि ब्रेक दाबलेला असताना माझी गाडी हळूच उजवीकडे सरकते. थोडीशीच. त्याला तेव्हा ना थांबता येतं ना वळता.

'परत.' परत लावलं. 'हळू.' हळू लावलं. तीनदा बघून म्हणाले, तू सरकलीस.

मी म्हटलं बाबा तो मागून आला ना. म्हणाले आला, पण जागा होती तेव्हा आला, तू नंतर बंद केलीस. मी म्हटलं पिंग. त्यांना पिंग माहीत नाही, आणि बरंच आहे, कारण त्याच्या स्क्रीनवरून काय आणि माझ्या स्क्रीनवरून काय, सरकले तर मीच होते. का सरकले तेही मला नीट माहितीये. रोज सकाळी फूटी कोठीला मी हेच करते, डावीकडे बोटभर जागा दिसली की ऑटो घुसतो, म्हणून तो दिसायच्या आत आपण थोडं सरकून घ्यायचं, हात आपोआप करतो. इतकी वर्षं याला मी गाडी नीट चालवणं म्हणत आलेय.

आणि स्पॉटर? तो 'कार राइट' म्हणाला असणारच. पण त्या रात्री बाबा झोपले होते म्हणून मी आवाज बंद ठेवला होता. हे बाबांना नाही सांगितलं.

तक्रारीचं राहू दे.

ओंकारला मेसेज टाकला की तो धडकणारा बरोबर होता. त्याचं उत्तर, 'मावशी कॉन्ग्रॅट्स, लोकांना वर्षं लागतात रिप्ले दुसऱ्याच्या गाडीतून बघायला.' आणि नियम सांगितला, जागा अडवायची असेल तर आधी, एकदाच, तो यायच्या आत. ब्रेक लागला की रेघ बदलायची नाही. निळा झेंडा दिसला म्हणजे मागचा आपल्याला अख्ख्या फेरीने मागे टाकायला आलाय, तेव्हा पण घाबरून बाजूला पळायचं नाही, आपल्याच रेघेत राहायचं, तो बघून घेईल. गाडी फिरलीच तर ब्रेक दाबून धरायचा, म्हणजे आपण कुठे थांबणार हे बाकीच्यांना कळतं, सोडला की मागे घरंगळत त्यांच्यासमोर जातो. सगळ्याचं सार एकच दिसतंय की तिथे लोकांना तुम्ही काय करणार हे आधी कळलं पाहिजे, आणि मी ज्या गावात गाडी शिकले तिथे ते कळू न देणं हीच कला.

रविवार

दुपारी ओंकारशी बोलले, सगळे उरलेले प्रश्न एका दमात. स्टीयरिंग नसतं तर? म्हणाला कंट्रोलरवर पण जमतं, चिक्कार लोक खेळतात, आधी पैसे घालायचे तर पेडलवर घाला, स्टीयरिंगवर नाही. आयरेसिंगचे महिन्याचे पैसे भरायचे नसतील तर? रेसरूम नावाचा गेम आहे, मोजक्या गाड्या फुकट, नाहीतर २०१४ सालचा असेटो कॉर्सा एकदा विकत घेतला की झालं, त्यात लोकांनी बनवलेला ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पण टाकता येतो. हे ऐकून नवरा पहिल्यांदा खुर्ची ओढून बसला. ब्रेक किती दाबायचा? याचं उत्तर त्याला फोनवर देता आलं नाही. म्हणे पहिल्यांदा जोरात, मग वळता वळता हळूहळू सोड, पाय एकदम उचलू नको. मी म्हटलं कुकरची शिटी काढतो तसं? म्हणाला हो, तसंच काहीतरी.

आणि एक युक्ती, जी मला आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, जाऊच नको, पिटमधून, म्हणजे बाजूच्या गल्लीतून, सुरू कर. सगळे निघून गेले की मग निघायचं, पहिल्या वळणावरची जत्रा पुढे होऊ दे. कारण सेफ्टी रेटिंग किती वळणं स्वच्छ काढली आणि त्यात किती पॉइंट लागले यावरून चालतं, नंबर कितवा आला याच्याशी त्याचं घेणंदेणं नाही.

रात्री साडेदहाला बसले. स्पॉटरचा आवाज चालू, बाबांना हेडफोनचा अर्थ समजावला पण त्यांना पण ऐकायचं होतं म्हणून स्पीकरवरच. सतरा गाड्या. माझं नाव यादीत सर्वात खाली. आणि वर, आठव्या जागेवर, मंगळवारचा तो.

सगळे गेले, मग मी निघाले. बिग बेंडला पोचले तर गवतात चार गाड्या उलटसुलट, एकाचं बॉनेट उघडं, धूळ. मधून वाट काढत निघाले, 'कार राइट', 'क्लिअर', बाबा मागून 'क्लिअर' परत म्हणताहेत. शेवटच्या उतारावरच्या वळणाला एकदा चारही चाकं बाहेर गेली, एक पॉइंट. बाकी काही नाही. कोणालाही मुद्दाम मागे टाकलं नाही, जे फिरले ते आपणहून मागे गेले. अकरावा नंबर. रेटिंग २.२९.

तो पाचवा आला. चॅटमध्ये लोक 'जीजी', म्हणजे गुड गेम, लिहीत होते, मी हिंमत करून त्याचं नाव घालून लिहिलं, सॉरी फॉर ट्यूजडे, माय फॉल्ट.

थोड्या वेळाने उत्तर आलं, 'विच ट्यूजडे?'

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, म्हणजे त्याला आठवतच नाही? मी म्हटलं नाही आठवत. मग म्हणाले, त्याला ड्यूसेनबर्गचं विचार.

बंद केलं सगळं. विरजण लावायचं राहिलंय.