संस्थांची ताकद मोजायला गेले, त्याचा अनुभव

मराठवाड्यातल्या छोट्या संस्थांना पायावर उभं राहायला मदत करणाऱ्या एका प्रकल्पाचं अखेरचं मूल्यमापन माझ्याकडे आलं. पैसा एका देशी फाउंडेशनचा, मध्ये पुण्याची एक मोठी संस्था आणि तिच्याशी जोडलेल्या बीड, धाराशिव, परभणी जिल्ह्यांतल्या लहान संस्था. कुणी ऊसतोड कामगारांत काम करतं, कुणी गायरानाच्या प्रश्नावर, कुणी एकल महिलांचं संघटन बांधतं. लहान म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, मानधनावर चार-सहा कार्यकर्ते आणि जिल्हाभर फिरायला एखादी मोटरसायकल.

असल्या प्रकल्पात विहिरी, शौचालयं, पटावरची मुलं असं मोजायला काही नसतं. मोजायची ती संस्थाच. ती तीन वर्षांपूर्वी होती त्यापेक्षा ताकदवान झाली का, आणि झाली असेल तर या प्रकल्पामुळे का, एवढंच विचारायचं असतं. टीओआरमध्ये, म्हणजे मला दिलेल्या कामाच्या कागदात, मात्र ते ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सहा निकषांत बसवलं होतं: समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि टिकाऊपणा. यातली सुसंगती २०१९ च्या सुधारणेत आली, आधी पाचच निकष होते. निकष वाईट नाहीत. पण प्रत्येकाखाली पोटप्रश्नांची अशी रांग होती की सगळ्यांची उत्तरं शोधायची तर आणखी एक प्रकल्प लागला असता. पहिल्याच बैठकीत मी त्यातले निम्म्याहून अधिक प्रश्न काढायला लावले. या कामात पुढे येणाऱ्या बऱ्याच कटकटी इथेच टळतात, आणि इन्सेप्शन रिपोर्टला, म्हणजे काम कसं करणार ते सांगणाऱ्या सुरुवातीच्या अहवालाला, लोक उगाचच औपचारिकता समजतात.

या प्रकल्पामागचं कारणही माहीत असायला हवं. पूर्वी मोठ्या संस्था परदेशी देणगी घेऊन ती खालच्या लहान संस्थांना वाटत. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए या परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि परदेशी देणगी पुढे दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. त्याच दुरुस्तीत परदेशी देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. स्वतःची एफसीआरए नोंदणी नसलेल्या तालुक्याच्या संस्थांचा पैसा रातोरात आटला. या भागातल्या कितीतरी संस्था तेव्हा बंद पडल्या किंवा नुसत्या पाटीपुरत्या उरल्या. म्हणून हा प्रकल्प देशी पैशावर, आणि म्हणूनच त्यात ‘स्वतःचा निधी उभारता यावा’ हे उद्दिष्ट ठळक अक्षरात.

फिल्डवर्कची तारीख जानेवारीची धरलेली. बीडची माणसं जानेवारीत घरी सापडतील असं ज्यानं ठरवलं, त्यानं केज-धारूरचा भाग हंगामात पाहिलेला नसावा. दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत साखर कारखान्यांच्या तळावर. गावात म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहातली पोरं. मी तारीख पुढे ढकला म्हटलं, तर उत्तर आलं की रिपोर्ट मार्चच्या आत हवा, आर्थिक वर्ष संपतं. शेवटी तडजोड अशी झाली की संस्थांच्या भेटी जानेवारीतच, पण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर जायचा खर्चही बजेटमध्ये धरायचा.

कुठल्या संस्था पाहायच्या हाही वादाचा विषय झाला. पुण्याच्या संस्थेनं मला यादी दिली ती साहजिकच त्यांच्या हिऱ्यांची. मी सगळ्यांची यादी मागितली, त्यातही मध्येच प्रकल्प सोडून गेलेल्यांची नावं वेगळी मागितली. ती मिळायला वेळ लागला. पण सोडून गेलेल्या एका संस्थेच्या ताईंनी पाऊण तासात जे सांगितलं, ते इतरांनी दिवसभरात सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे कॉम्प्युटर येणारी एकच मुलगी होती. तिचा महिन्यातला आठवडा मासिक रिपोर्ट, फोटो आणि एक्सेल भरण्यात जायचा. “आम्हाला ताकद द्यायला आले आन् आमची एकुलती एक पोरगी घेऊन बसले,” ताई म्हणाल्या. प्रकल्पाच्या फाईलमध्ये त्यांच्या बाहेर पडण्याचं कारण ‘क्षमतेचा अभाव’ असं नोंदवलेलं होतं.

भेटींची पद्धत ठरलेली असते. संस्थेच्या दारात रांगोळी, आत शाल-श्रीफळ, टेबलावर फायलींचा ढीग आणि भिंतीवर माझ्या नावाचा फ्लेक्स. समोर बसलेल्यांना वाटतं की ऑडिटर आली आहे आणि पुढचा हप्ता हिच्या हातात आहे. त्यात पुण्याहून आलेला प्रोग्रॅम ऑफिसर बैठकीत बसलेला. त्याला मी चहा प्यायला बाहेर पाठवायचे, तो बिचारा समजूतदार होता. मग पहिला अर्धा तास फायली न उघडता नुसत्या गप्पा.

मूल्यमापनाचा मुख्य आधार होता गुणांचा तक्ता. संस्थात्मक क्षमतेचे वेगवेगळे भाग, म्हणजे कारभार, हिशेब, मनुष्यबळ, निधी, जनसंपर्क वगैरे, आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण. सुरुवातीला संस्थांनी स्वतःला गुण दिले, तीन वर्षांनी परत दिले, फरक म्हणजे प्रगती. कागदावर छान चढता आलेख होता. पण प्रत्यक्ष बसून पाहिलं तेव्हा त्यातून दोन गोष्टी निघाल्या.

एक म्हणजे गुण वाढले ते बहुतेक धोरणांच्या कागदांमुळे. लैंगिक छळ प्रतिबंधक धोरण आहे? आहे, पाच गुण. मी धोरण वाचायला घेतलं तर तिसऱ्या पानावर दुसऱ्याच संस्थेचं नाव तसंच राहिलेलं. पाच माणसांच्या त्या संस्थेत अंतर्गत समितीची सविस्तर रचना लिहिलेली होती. २०१३ चा कायदा अंतर्गत समिती सक्तीची करतो ती दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे. त्याहून लहान ठिकाणच्या बाईनं तक्रार करायची ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. त्या समितीचा पत्ता किंवा फोन कार्यालयात कुणालाच ठाऊक नव्हता. ते माहीत असणं जास्त उपयोगाचं, पण त्याला तक्त्यात रकाना नाही.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची. सगळ्यांचे गुण वाढले असताना एका संस्थेचे घटले होते, आणि माझ्या मते ती त्या सगळ्यांत दमदार संस्था होती. गायरानाचं काम करणारी. मराठवाड्यात दलित, पारधी कुटुंबांनी कसत आणलेली गायरानं १९९१ च्या शासन निर्णयाखाली नियमित करून घेण्याची लढाई अजून संपलेली नाही. १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून आपण जमीन कसतो याचा पुरावा आजही तलाठी कार्यालयापासून गोळा करावा लागतो. या संस्थेच्या सचिवांना मी विचारलं, गुण कमी का केलेत? ते म्हणाले, “पहिल्यांदा आम्हाला हिशेब म्हंजे काय असतंय तेच माहीत नव्हतं, म्हून चार दिले. आता कळालं, तर दोनच बसतात.” मग सगळ्यांनाच मी एक उजळणी करायला लावली. आज तुम्हाला जे कळतं त्या नजरेनं तीन वर्षांपूर्वीच्या स्वतःला गुण द्या. आकडे पार फिरले. काही संस्थांनी सुरुवातीला निवड व्हावी म्हणून गुण चढवले होते, काहींनी मदत जास्त मिळावी म्हणून उतरवले होते, हे हसत हसत बाहेर आलं.

त्यानंतर मी तक्ता बाजूला ठेवला आणि साधे प्रश्न विचारत गेले. हप्ता उशिरा आला त्या महिन्यांत काय केलं? निधी देणाऱ्याला अलीकडे कधी नाही म्हणालात? तहसीलला किंवा कलेक्टर ऑफिसला संस्थापक सोडून शेवटचं कोण गेलं? उत्तरं ठराव बुकात आणि व्हाउचरच्या फाईलमध्ये ताडून पाहता येतात. शिवाय गावातल्या ग्रामसेवकाला, आशाताईला, तालुक्याच्या वार्ताहराला विचारायचं की ही संस्था माहीत आहे का आणि अडचण आली तर तिथल्या कुणाला फोन करता.

कारखान्याच्या तळावर गेले तेव्हा कोप्यांसमोर, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांसमोर, बायका भांडी घासत होत्या. त्यांना मी संस्थेचं नाव सांगून ओळखता का म्हणून विचारलं. कुणाला पत्ता नाही. एकीनं कार्यकर्तीचं नाव घेतलं. “संस्था काय की बाई. ताईचा नंबर पाठ हाय माझा.” मागच्या हंगामात मुकादमानं उचलीपायी, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशापायी, तिच्या भावाला अडकवून ठेवलं होतं तेव्हा याच नंबरवर फोन केला होता, आणि ताई पोलिसांना घेऊन आली होती. तक्त्यात ‘संस्थेची ओळख’ या रकान्यात या संस्थेला दोन गुण होते.

श्रेय कुणाचं हा प्रश्नही सुटता सुटत नव्हता. ऊसतोड कामगारांना ग्रामसेवकामार्फत ओळखपत्र देण्याचा निर्णय सरकारनं २०२१ मध्ये घेतला. त्याआधी २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवरून नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला होता, कितीतरी संघटना वर्षानुवर्षं भांडत होत्या. तरी दोन-तीन संस्थांच्या रिपोर्टमध्ये ओळखपत्र म्हणजे ‘प्रकल्पाचं फलित’. निर्णय यांच्यामुळे झाला असं म्हणता येत नाही, पण नोंदणी झाली का हे बघता येतं. म्हणून संस्थेची काही गावं आणि शेजारची, काम नसलेली काही गावं घेतली आणि ग्रामपंचायतीत जाऊन नोंदणीचं रजिस्टर पाहिलं. संस्थेच्या गावांत बायकांची नावं स्वतंत्र होती. शेजारच्या गावांत बरीचशी नोंद पुरुषाच्याच नावावर. एवढं मी लिहिलं, त्यापुढे नाही.

आता या प्रकल्पातलं खरं उपयोगी काय निघालं ते सांगते, कारण ते कुणालाच अपेक्षित नव्हतं, मलाही. सगळ्यात जास्त पैसा गेला होता नेतृत्व विकासाच्या निवासी शिबिरांवर. पुण्यात हॉटेल, तज्ज्ञ, चार्ट पेपर, रंगीत चिठ्ठ्या. शिबिरं आवडली सगळ्यांना, पण तिथून आल्यावर काय बदललं म्हटलं की ‘आत्मविश्वास वाढला’च्या पलीकडे गाडी जात नव्हती. बजेटमध्ये सगळ्यात कमी पैसा होता तो सगळ्या संस्थांत मिळून एका अकाउंटंटला. एसटीनं फिरणारा मध्यमवयीन माणूस, महिन्यातून दोन-तीन दिवस प्रत्येक संस्थेत.

या माणसानं पहिल्या वर्षी बहुतेक धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. बऱ्याच संस्थांचे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची कळवणी, कितीतरी वर्षं भरलेलेच नव्हते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे कळवायचं असतं, हे कार्यकर्त्यांच्या गावी नसतं. एका संस्थेच्या परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत, वारलेल्या दोन विश्वस्तांची नावं अजून होती. त्यामुळे बँक सह्या बदलू देईना, बारा-ए आणि ऐंशी-जी या आयकराच्या नोंदण्यांचं नूतनीकरण अडलेलं, ते नाही म्हणून सीएसआर-१ ही कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीची नोंदणी नाही, आणि सीएसआर-१ नाही म्हणून १ एप्रिल २०२१ पासून कुठल्याही कंपनीचा सीएसआरचा पैसा दारात येऊ शकत नव्हता. कुलपात कुलूप. याने उशीर माफीच्या अर्जांपासून सुरुवात करून ती एकेक उघडली. ज्या संस्थांना पुढे स्वतःच्या बळावर निधी मिळाला, त्यांच्या मागे हीच कागदपत्रं होती. शिबिरात निधी उभारणीचं सत्र झालं होतं, पण चालू सहीचं बँक खातंच नसेल तर सत्राचं काय करायचं?

निष्कर्ष इंग्रजीत लिहिण्याआधी सगळ्या संस्थांना एकत्र बसवून मराठीत वाचून दाखवायचे, ही अट मी आधीच घालून ठेवली होती. बैठक गरम झाली. मी लिहिलं होतं की काही संस्थांत दुसरी फळी म्हणजे संस्थापकांची बायको आणि मुलगा. एक ज्येष्ठ भाऊ उठून म्हणाले, “मॅडम, तुम्ही काय लिहायलात? चाळीस वर्षं भाकरी बांधून फिरलो, तेव्हा कुणी दुसरं येत नव्हतं, घरचेच आले.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी निष्कर्ष बदलला नाही, पण त्यांचं वाक्य त्याच परिच्छेदात घातलं, आणि एवढ्या मानधनावर बाहेरचं माणूस टिकत नाही हेही. मागच्या रांगेतल्या एका तरुण कार्यकर्तीनं नंतर जेवताना हळूच सांगितलं की परिच्छेद तसाच ठेवा.

फाउंडेशनकडून मसुद्यावर शेरे आले ते बहुतांशी विशेषणांबद्दल. ‘काही प्रमाणात’ऐवजी ‘लक्षणीय’ लिहिता येईल का, गुणांचा आलेख पहिल्या पानावर घेता येईल का. आलेख मी परिशिष्टात टाकला, उजळणीच्या आकड्यांसकट. विशेषणं तशीच ठेवली. थोडं ताणलं गेलं, पण त्यांच्यातल्या एका बाईंनी माझी बाजू लावून धरली आणि रिपोर्ट मार्चच्या शेवटच्या आठवड्यात स्वीकारला गेला. माझा शेवटचा हप्ता जूनमध्ये आला.

पुढच्या टप्प्याचा प्रस्ताव मला ओझरता बघायला मिळाला. शिबिरं आहेत, फक्त पुण्याऐवजी लातूरला. तक्ताही आहे. अकाउंटंट एकाचे दोन झाले आहेत, पण ते पद अजून ‘प्रशासकीय खर्च’ या सदरात आहे. बजेटला कात्री लागते तेव्हा पहिलं सदर तेच सापडतं. ते ‘कार्यक्रम’ या सदरात हलवा, असं मी त्यांना वेगळं पत्र लिहून कळवलं आहे.