लिनक्सवर तिसरा महिना: एफएसटॅबची एक ओळ आणि जुने फॉन्ट

डेबियन १३ (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा एक प्रकार) टाकून तीन महिने झाले. गेल्या आठवड्यात जुन्या सिस्टीमचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा तिचा भाग, पुसलं. 'असू दे, लागलं तर' म्हणून ते ठेवलं होतं, पण शेवटचे सहा आठवडे त्यात एकदाही बूट केलं नाही. आता ५१२ जीबीच्या एसएसडीवर रूटला (सिस्टीमच्या फाइली) ६० जीबी आणि बाकी सगळं होमला (माझ्या फाइली). आधी रूटला तीसच दिले होते. फ्लॅटपॅक या इन्स्टॉल करण्याच्या पद्धतीतली अ‍ॅप्स सिस्टीमभर टाकली की ती रूटमध्येच जातात आणि जागा भराभर संपते, त्यामुळे तिथे हात आखडू नका.

या महिन्याची मोठी घटना एफएसटॅबची, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या फाइलीची. बॅकअपची बाहेरची डिस्क आपोआप माउंट व्हावी (वापरायला जोडली जावी) म्हणून त्या फाइलीत मी रविवारी एक ओळ घातली. सोमवारी डिस्क न जोडताच मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर 'स्टार्ट जॉब इज रनिंग' अशी ओळ आली, शेजारी सेकंद मोजले जात होते आणि मुदत दीड मिनिटाची. मुदत संपली आणि डेस्कटॉपऐवजी समोर इमर्जन्सी मोड: रूटचा (सगळे अधिकार असलेल्या यूझरचा) पासवर्ड द्या. पोटात गोळा आला.

पासवर्ड दिला, जर्नलसीटीएलने सिस्टीमच्या नोंदी उघडल्या. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की या यूयूआयडीची (ओळखक्रमांकाची) डिस्क सापडली नाही, म्हणून माउंट झालं नाही. नॅनो या एडिटरमध्ये एफएसटॅब उघडली, त्या ओळीतल्या 'डिफॉल्ट्स'पुढे स्वल्पविराम देऊन 'नोफेल' लिहिलं, रीबूट केलं, मशीन सुरू. 'नोफेल' नसेल तर ती डिस्क अत्यावश्यक आहे असं सिस्टीम धरून चालते आणि तिच्यावाचून पुढे जात नाही. बाहेरच्या प्रत्येक डिस्कच्या ओळीत हा शब्द हवाच.

पूर्वी असं काही झालं की पडद्यावर एक कोड दिसायचा आणि मी सगळं फॉरमॅट करून मोकळी व्हायचे. इथे चूक साध्या मजकुराच्या फाइलीत होती, वाचता येत होती, म्हणून दुरुस्तही करता आली. मी लिनक्सवर आले ती याचसाठी.

सगळंच वाचता येतं असं मात्र नाही. माझ्या वायफाय चिपचं फर्मवेअर (चिप चालवणारा आतला प्रोग्राम) बंदिस्त आहे, त्याचा सोर्स कोड कोणाला बघता येत नाही. असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यावं, असा निर्णय डेबियनच्या डेव्हलपर मंडळींनी २०२२ मध्ये मतदानाने घेतला आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळू लागलं. मला तो निर्णय पटतो. नेटच चाललं नाही तर नवा माणूस पहिल्याच दिवशी परत जाईल. इन्स्टॉल करताना आणखी एक गोष्ट मनात भरली: कोणती पॅकेजेस वापरता त्याची आकडेवारी पाठवू का, असं इन्स्टॉलर विचारतो आणि आधीपासून निवडलेलं उत्तर 'नाही' असतं.

सध्या सगळा वेळ खातंय ते माझंच जुनं लिखाण. युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टात टाइप केलेल्या दोनशेच्या वर फाइली आहेत. लिब्रेऑफिस त्या बिनतक्रार उघडतं, पण तो फॉन्ट नसला की दिसतात नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. मजकूर माझा, पण तो वाचायचा तर दुसऱ्याच्या फॉन्टची फाइल हवी. हे मला फार लागलं, म्हणून त्या फाइली युनिकोडमध्ये बदलणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) पायथन भाषेत लिहायला घेतली.

कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर, ही यादी एका संध्याकाळी झाली. अडलं ते ऱ्हस्व वेलांटीवर. जुन्या फॉन्टात ती दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. मी तिला एका अक्षरापलीकडे ढकललं, तर 'पहिला' नीट आला, पण 'स्थिती'ची वेलांटी अर्ध्या स ला जाऊन चिकटली. तिला अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यावं लागतं, म्हणजे पुढे अर्धं अक्षर आहे का हे आधी तपासायचं. तेवढं केल्यावर बहुतेक फाइली सुधारल्या.

रफाराचं उलटं आहे. तो जुन्या फॉन्टात अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये 'र्' त्या अक्षराच्या आधी जातो. 'मार्च' जमला, 'वर्षा' अजून जमत नाही, कारण मागे जाताना मधला काना ओलांडायचा राहतो. मूळ फाइलींना हात लावलेला नाही, रूपांतर वेगळ्या फोल्डरमध्ये जातं. अजून चाळीसेक फाइली उरल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा आईला लिहिलेल्या पत्रांच्या. रफार सुटला की पहिल्यांदा त्याच काढणार आहे.