तुम्ही विचारलंत म्हणून: डिलीट झालेले फोटो परत येतात का?

लग्नसराई आली की हा प्रश्न येतोच, कोणीतरी मेमरी कार्ड घेऊन दारात उभं असतं नाहीतर फोन करतं, "अहो, सगळे फोटो उडाले, मिळतील ना परत?" कधी मिळतात, कधी नाही, आणि ते कशावर ठरतं हे कळायला फाईल सिस्टीम काय करते ते थोडं समजून घ्यावं लागतं, फार नाही.

डिस्कला किंवा कार्डाला फोटो, गाणं, बिलाची पीडीएफ यातलं काहीही कळत नाही. तिच्याकडे नुसते नंबर टाकलेले ठोकळे. फाईल सिस्टीम ते बहुतेक ठिकाणी 4 केबीच्या हिशोबाने वाटते, म्हणजे 5 एमबीचा एक फोटो हजारावर ठोकळ्यांत बसतो आणि ते शेजारी शेजारी असतीलच असं नाही. कुठला ठोकळा कोणाचा, फाईलचं नाव काय, साईज किती, हे सगळं दप्तर फाईल सिस्टीम सांभाळते. तलाठीच म्हणा ना, जमीन तिथेच असते, नाव सातबाऱ्यावर असतं.

तर डिलीट मारल्यावर नाव खोडलं जातं, नांगर फिरवत नाही कोणी. फॅट32 नावाच्या जुन्या फाईल सिस्टीममध्ये तर नोंदीतलं नावाचं पहिलं अक्षर बदलून खूण करतात आणि ते ठोकळे 'मोकळे' म्हणून दाखवतात, बस. म्हणून 2 जीबीचा पिक्चर कॉपी व्हायला वेळ लागतो आणि डिलीट मात्र चुटकीसरशी होतो. क्विक फॉरमॅटचंही तेच, दप्तर नवीन, माल जुनाच. त्यामुळे कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर आशा बरीच असते, फक्त कार्ड लगेच बाहेर काढा आणि त्यावर एकही नवीन फोटो काढू नका. लोक नेमकं "बघू चालतंय का" म्हणून चार सेल्फी काढतात!

एसएसडीचं, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या ड्राइव्हचं, वेगळं. तिथे सिस्टीम ड्राइव्हला ट्रिम नावाची कमांड पाठवून सांगते की हे ठोकळे आता नकोत, आणि ड्राइव्ह सवडीने खरंच पुसून टाकतो. फोनमध्ये तर फाईली एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतात, त्यामुळे रिकव्हरी अ‍ॅपच्या नादी लागू नका, गुगल फोटोजचं ट्रॅश बघा, बॅकअप झालेला फोटो तिथे 60 दिवस राहतो.

आता लाईट गेल्यावर काय होतं ते. विंडोज 98 आठवत असेल त्यांना डिस्क तपासणारं ते स्कॅनडिस्कही आठवेल, नीट शटडाऊन केलं नाही की पुढच्या वेळी निळ्या स्क्रीनवर ते सुरू व्हायचं आणि आपण चहा करून यायचो. एनटीएफएस ही फाईल सिस्टीम 1993 मध्ये विंडोज एनटीबरोबर आली, पण घरोघरी पोचली ती एक्सपीमुळे, आणि लिनक्सवर तशीच एक्स्ट3 आली. या दोन्ही दप्तरात बदल करायच्या आधी तो एका वहीत टिपून ठेवतात, त्याला जर्नल म्हणतात. मधेच बंद पडलं तर ती वही वाचून हिशोब जुळवला जातो. पण सहसा ती वही दप्तराची असते, तुमच्या मजकुराची नाही! एक्सेलची फाईल जागेवर दिसेल आणि आत शेवटचा अर्धा तास गायब असेल, तरी फाईल सिस्टीमच्या मते सगळं व्यवस्थितच आहे. मला विचाराल तर लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो, फाईल सिस्टीम तुमचा डेटा सांभाळते असं वाटतं, ती मुळात स्वतःची नोंद सांभाळते. पेनड्राइव्हवरच्या फॅट32 आणि तिच्या नव्या भावंडाला, एक्सफॅटला तर जर्नलही नाही, म्हणून कॉपी चालू असताना ओढून काढू नका.

जाता जाता, पेनड्राइव्हमध्ये जागा असून लग्नाचा व्हिडिओ जात नाही ना, तर तो फॅट32 असणार, त्यात फाईलची साईज 32 बिटांत लिहितात त्यामुळे 4 जीबीची फाईल बसतच नाही. आतलं सगळं दुसरीकडे काढून एक्सफॅटने फॉरमॅट करा, फक्त टीव्ही जुना असेल तर त्याला एक्सफॅट वाचता येतं का ते आधी बघा.