मामा, माणा आणि मुक्कामी गाडी

बद्रीनाथच्या वाटेवर, लांबगडच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. पुढे दरड आली होती आणि जेसीबी दगडमाती लोटून अलकनंदेत ढकलत होता. तिकडे या दगडमातीला 'मलबा' म्हणतात. आमच्या शेअर जीपचा ड्रायव्हर, पंचविशीतला पोरगा, इंजिन बंद करून खाली उतरला तसे मामाही उतरले. मामांची सगळी नोकरी अकोले आगारात एसटी चालवण्यात गेली, त्यामुळे हरिद्वार सोडल्यापासून त्यांचं लक्ष डोंगरांकडे कमी आणि ड्रायव्हरांच्या पायांकडे जास्त होतं. दहा मिनिटांनी परत आले आणि निकाल दिला, "पोरगा चांगलाय. जोशीमठहून विष्णुप्रयागला उतरताना बघितलं मी. गाडी गिअरवर सोडतो, ब्रेकवर उभा राहत नाही." त्यानंतर मी निर्धास्त झोपलो.

ऋषिकेशपासून बद्रीनाथ तीनशे किलोमीटरच्या आसपास. आकडा ऐकून पुणे-नागपूरच्या निम्मंही नाही असं वाटतं, पण दीड दिवस जातो. आम्ही निघालो होतो आईसाठी. तिला बद्रीनाथ करायचं होतं, ते राहून गेलं. म्हणून तिच्या वर्षश्राद्धानंतर मामा म्हणाले, चल, ब्रह्मकपालावर जाऊन येऊ. तिथे पिंडदान केलं की पुढे श्राद्धाची गरज उरत नाही अशी समजूत आहे. ते झालं. थंडीनं बोटं वळत नव्हती आणि गुरुजी घाईत होते, एवढंच त्याबद्दल लिहितो.

दुसऱ्या दिवशी परतायचं होतं, पण सकाळी ऊन पडलं. लॉजवाल्यानं गरम पाण्याची बादली शंभर रुपयांना दिली आणि ती कोमट निघाली, तेव्हा मामा अंघोळीचा विचार सोडून म्हणाले, "त्यापेक्षा ते शेवटचं गाव बघून येऊ."

माणा बद्रीनाथहून जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. उंची ३,२०० मीटरच्या घरात, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. जीप गावाच्या तोंडाशी सोडते. तिथे मोठा फलक आहे: 'भारत का प्रथम गाँव'. पूर्वी तिथे 'अंतिम गाँव' असं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधान इथे आले, सीमेवरचं प्रत्येक गाव हे देशाचं पहिलं गाव आहे असं म्हणाले, आणि पुढच्या एप्रिलात फलक बदलला. फलकाखाली फोटोसाठी गर्दी होती. मामांनी फलक नीट वाचला.

"यात एवढं काय बदललं? अरे, शेवटचा थांबा असतो तिथूनच सकाळची पहिली गाडी सुटते."

मामांनी भंडारदरा-हरिश्चंद्रगडाच्या पट्ट्यातल्या कितीतरी गावांना मुक्कामी गाड्या नेल्या आहेत. रात्री नऊला पोचायचं, देवळात नाहीतर गाडीतच झोपायचं, पहाटे पाचला कंडक्टरनं बेल मारायची. शेवटची गावं त्यांना आमच्यापेक्षा चांगली कळतात. फलकापुढचा फोटो मात्र त्यांनीही काढून घेतला. टोपी काढून, केसांवर हात फिरवून.

गावात शिरलं की फरसबंद गल्ली चढू लागते आणि पन्नास पावलांत दम लागतो. म्हाताऱ्या यात्रेकरूंना पाठीवरच्या वेताच्या टोपलीत, म्हणजे कंडीत, बसवून नेणारे मजूर उभे होते. एकानं मामांकडे बघून भाव सांगितला. मामांना तो अपमान वाटला. त्यांनी चालण्याचा वेग वाढवला आणि पुढच्या वळणावर, मोबाइल बघायच्या निमित्तानं, पाच मिनिटं बसले.

दगडी घरं, लाकडी सज्जे, आणि जवळजवळ प्रत्येक उंबऱ्यावर विणकाम करणारी बाई. मोजे, टोप्या, मफलर, शाली. इथली माणसं भोटिया जमातीची, त्यातले मार्छा. बाया बोलतात तुमच्याशी, बघतात तुमच्याकडे, भाव करतात, आणि सुया त्यांच्या त्यांच्या चाललेल्या असतात. अंगणांत बटाट्याचे ढीग होते. ऑक्टोबर म्हणजे आवराआवरीचा महिना. बद्रीनाथाचं दार नोव्हेंबरात बंद होतं, त्याच सुमारास हे गावही खाली उतरतं. कुणी गोपेश्वरजवळच्या घिंघराणला, कुणी जोशीमठच्या बाजूला. सहा महिने इथे बर्फ, जवान आणि रस्त्याचे कामगार, बाकी कुणी नाही.

एका ओट्यावर मामा मोजे बघायला टेकले. दीदी पन्नाशीच्या असतील. त्यांनी घृतकंबलाची गोष्ट सांगितली, आणि मला विचाराल तर माणात ऐकलेली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच. बद्रीनाथाचं दार बंद होतं त्या दिवशी देवाला लोकरीचं कांबळं पांघरतात. ते कांबळं माणाच्या कुमारिका विणतात, आणि एका दिवसात विणून पुरं करतात. मग त्याला तूप माखून देवावर घालतात. वैशाखात दार उघडलं की आधी कांबळ्याकडे बघायचं. तूप ओलं राहिलं असेल तर वर्ष चांगलं जाणार. कांबळ्याचे धागे प्रसाद म्हणून वाटतात.

"तुम्हीही विणलं असेल?" मी विचारलं.

"लग्नाआधी. सात-आठ जणी बसायचो. एकीचा हात थांबला तर दुसरी ओरडायची," दीदी हिंदीत म्हणाल्या आणि हसल्या. सुया चालूच होत्या.

जगाच्या पाठीवर कुठेही देवाला सोनंनाणं वाहतात. इथे थंडी वाजेल म्हणून कांबळं, तेही गावच्या पोरींनी घाईघाईनं विणलेलं.

गणेशगुफा लहान आहे, वाकून आत जावं लागतं. थोडं वर व्यासगुफा. व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीनं लिहिलं ते इथे, असं गाव मानतं. गणपतीची अट, मध्ये थांबायचं नाही. व्यासांची अट, समजल्याशिवाय लिहायचं नाही. आपल्याला ही गोष्ट पाठ असते, पण दोघं एका गुहेत शेजारी बसले होते असंच मी आजवर धरून चाललो होतो. इथे दोन गुहा, मध्ये चांगलाच चढ. व्यासांना खणखणीत आवाज लावावा लागला असणार. मामांचं मत, "गणपतीचे कान बघितलेस का? त्याला काय अडचण."

व्यासगुफेच्या वरचा खडक मात्र बघत राहावा असा. पातळ थरांवर थर, कडा थोड्या वर आलेल्या, थेट जुन्या पोथीची पानं. त्याला व्यासपोथीच म्हणतात. आई चातुर्मासात पोथी वाचायची. सुटी लांबट पानं, वरखाली लाकडी पाट्या, लाल फडकं. वाचून झालेलं पान ती उताणं करून डावीकडे ठेवायची. खडकाखाली उभा राहून मी बघत होतो, हे कुठल्या बाजूनं वाचायला घेतील. मागचा माणूस 'आगे बढ़ो भाई' म्हणाला.

पुढे उतार लागला आणि आवाज यायला लागला. आधी लांबून गाडी यावी तसा, मग सगळं भरून टाकणारा. भीमपूल म्हणजे दोन कड्यांच्या मधल्या चिरेवर आडवा पडलेला एक प्रचंड धोंडा. स्वर्गाच्या वाटेवर निघालेल्या पांडवांना नदी आडवी आली, द्रौपदीला ओलांडता येईना, तेव्हा भीमानं हा धोंडा टाकला. खाली ती नदी. नाव सरस्वती.

मी सरस्वती पाहिली आहे ती पाटीवर. दसऱ्याला आई पाटी धुऊन त्यावर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची, दोन झेंडूची फुलं ठेवायची. आमची सरस्वती म्हणजे शांत, रेघांची, जरा अवघडून बसलेली. प्रयागला तर ती दिसतच नाही, आहे असं मानायचं. आणि इथे ती खडक फोडून, पांढरीफेक होऊन, माणसाचं बोलणं ऐकू येणार नाही अशी ओरडत बाहेर पडते. तिच्या या आवाजानंच महाभारताच्या लेखनात व्यत्यय यायचा, सांगूनही ती थांबली नाही, म्हणून पुढे गुप्त होशील असा शाप मिळाला, ही इथली कथा. ऋग्वेदातली सरस्वती ती हीच का, यावर विद्वानांनी खुशाल भांडावं. शाप मात्र डोळ्यांदेखत खरा होतो. थोड्याच अंतरावर, केशवप्रयागाला, ती अलकनंदेत मिळते आणि तिचं नाव संपतं. मे २०२५ मध्ये तिथे बारा वर्षांनी येणारा पुष्कर कुंभ भरला होता, दक्षिणेतून माणसं आली होती.

पुलाजवळचं सरस्वतीचं देऊळ अलीकडचं, पुण्याच्या एमआयटीच्या पुढाकारानं झालेलं. तिथे कठड्याला टेकून मामा काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मी 'काय?' म्हणून ओरडलो, त्यांनी हात हलवला. नंतर विचारलं तर म्हणाले, "तुझ्या आईला दाखवायला हवं होतं, दुसरं काय."

गावापासून एक कुत्रा आमच्याबरोबर होता. केसाळ, वासराएवढा, भोटिया जातीचा. महाभारतात स्वर्गारोहणाच्या वाटेवर आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम, आणि धर्मराजाबरोबर उरतो तो कुत्रा. वसुधारा धबधबा पुलापासून साधारण पाच किलोमीटर, त्याच वाटेवर. आम्ही पाऊण तास चाललो. मग मामांचा गुडघा बोलू लागला आणि बिस्किटंही संपली. कुत्रा दुसऱ्या मंडळींबरोबर पुढे गेला, आम्ही परत फिरलो. वसुधारा राहिली.

परतताना एक आजोबा भिंतीला पाठ लावून उन्हात बसले होते. मामा त्यांच्याशेजारी बसले. म्हाताऱ्या माणसांना एकमेकांशी बोलायला ओळख लागत नाही. मामांनी विचारलं ते व्यासांबद्दल नाही. विचारलं, "ये रास्ता आगे किधर जाता है?"

आगे तिबेट. माणा खिंड साडेपाच हजार मीटरांहून उंच. आता परवान्याशिवाय तिकडे सोडत नाहीत. पण आजोबांच्या वडिलांच्या काळी तो यांचा बाजाराचा रस्ता होता. इकडून धान्य, गूळ, कापड. तिकडून मीठ, लोकर, टाकणखार. ओझं शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर, दोन्ही बाजूंना लहान लहान थैल्या. हजारो जनावरं एका रांगेत. आजोबांनी लहानपणी ते पाहिलेलं. हातानं दाखवत होते, थैली एवढी, गाठ अशी. १९६२ ला युद्ध झालं आणि सगळं एकदम थांबलं. "फिर भेड़ भी कम हो गई," म्हणाले.

पांडवांची गोष्ट इथे प्रत्येक दुकानदार न विचारता सांगतो. मेंढ्यांची विचारावी लागते. मला तर परत आल्यावर वाचताना कळलं की याच खिंडीतून १६२४ मध्ये आंतोनियो द आंद्राद हा पोर्तुगीज जेझुइट पाद्री हिंदू यात्रेकरूंच्या मेळ्यातून बद्रीनाथ, माणा करत तिबेटात उतरला होता. बर्फानं डोळे जायची वेळ आली, तरी गेला. तो गोव्यात राहिलेला होता आणि पुढे मेलाही गोव्यातच, १६३४ मध्ये. म्हणजे आपल्याकडचा माणूस आमच्या चारशे वर्षं आधी इथे दमून बसला असणार, बहुधा याच उन्हात.

निघताना आजोबांनी समोरच्या उताराकडे बोट केलं. २८ फेब्रुवारी २०२५ ला गावाजवळच्या सीमा सडक संघटनेच्या छावणीवर हिमकडा कोसळला. चोपन्न कामगार त्याखाली अडकले, त्यातले आठ दगावले. गाव तेव्हा खालीच होतं. मामा बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "रस्ता उघडा ठेवणारी माणसं."

दीदींच्या ओट्यावर परत गेलो, कारण मोज्यांचा सौदा अर्धा राहिला होता. मामांनी मामीसाठी एक आणि स्वतःसाठी एक जोड घेतला. दीदींनी वर एक पुडी दिली, वाळलेल्या हिरव्या काड्यांची. फरण म्हणतात. डाळीला तुपात याची फोडणी द्यायची. पैसे घेतले नाहीत.

"हिवाळ्यात घराला नुसतं कुलूप?" मामांनी विचारलं.

कुलूप. आणि किल्ली बरोबर. घंटाकर्ण आहे ना. घंटाकर्ण म्हणजे बद्रीनाथाचा क्षेत्रपाल, त्याचं ठाणं माणात. वैशाखात येऊन आधी बर्फ काढायचं, मग दार सापडतं.

घरी पोचलो तेव्हा चातुर्मास संपायला दोन आठवडे होते. मामीनं तूरडाळीला फरणची फोडणी दिली आणि स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, याला लसणासारखा वास येतोय. मला चालत नाही अजून." तिचा वास बरोबर होता, फरण कांद्यालसणाच्याच घराण्यातलं.

मामा पाटावर बसले होते, पायांत माणाचे मोजे, बाहेर चांगलंच ऑक्टोबरचं ऊन. ते म्हणाले, "बद्रीनाथाच्या गावचं आहे. वाढ."