फसलेलाच सिनेमा का दाखवता?

‘रेंट’ या अमेरिकन संगीत नाटकाचा सिनेमा फसला म्हणता, मग नाट्यशिबिरात दरवेळी तोच का लावता? मुलांनी विचारलं, त्यांच्या आईवडिलांनी विचारलं, आता तुम्हीही विचारलंत. म्हणून एकदाच नीट सांगते.

फसला म्हणते, वाईट आहे असं म्हणत नाही. जोनाथन लार्सनचं नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९९६ ते २००८ चाललं, ५,१२३ प्रयोग झाले. २००५च्या सिनेमाचा खर्चही निघाला नाही. पण तिकीटबारीचं मला काही पडलेलं नाही.

मागे एका शिबिरात सुरुवातीचंच गाणं चालू होतं. वीज गेलेली, भाडं थकलेलं, मार्क आणि रॉजर हे दोन कलाकार मित्र ऊब मिळावी म्हणून स्वतःच्या संहिता आणि पोस्टरं जाळतायत. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा एक मुलगा मागून म्हणाला, “ताई, यांची खोली आमच्या अख्ख्या मजल्याएवढी आहे. रडतायत कशाला?” सगळे हसले. मी चिडले, सिनेमा थांबवला आणि न्यूयॉर्कचं ईस्ट व्हिलेज, एड्सची साथ, रिकाम्या गोदामांत राहणारे कलाकार यांवर लांबलचक भाषण दिलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “ते कळलं हो. पण यांना थंडी वाजतेय असं वाटत नाही ना.”

मग चित्र बंद करून मूळ नाटकाचं ध्वनिमुद्रण लावलं. तेच गाणं, तेच दोघे नट, अँथनी रॅप आणि अ‍ॅडम पास्कल. खोली केवढी हे कोणी विचारलं नाही. त्याच मुलाचा पाय ठेका धरत होता. रंगमंचावर एक धातूचं टेबल, थोडे पाइप आणि भंगाराचा एक मनोरा होता, आणि तेवढ्यावर दारिद्र्य उभं राहायचं. कॅमेऱ्याला खरी भिंत लागली, खरी भिंत आली की तिची मापंही आली. हे त्या मुलामुळे मला दिसलं, आणि मी अजून त्याच्यावर थोडी चिडलेली आहे.

दुसरी अडचण गाण्याची. नाटकात जवळजवळ सगळं गायलं जातं, फोनवरचे निरोपसुद्धा. सिनेमाने त्यातली बरीच गाणी काढून त्यांचे संवाद केले, पण यमकं कित्येक जागी तशीच ठेवली. माणसं यमकात भांडायला लागतात तेव्हा मुलं एकमेकांकडे बघतात. १८८०च्या ‘शाकुंतल’पासून पात्र मध्येच गातं हे आपल्याला खटकलेलं नाही, हिंदी सिनेमातही खटकत नाही. तिथे बोलणं बोलण्यासारखं असतं, गाणं गाण्यासारखं. इथे पात्रं मधल्याच पायरीवर अडकतात.

मग लार्सनवरचाच ‘टिक, टिक... बूम!’ का नाही दाखवत? दाखवते की. २०२१मध्ये दिग्दर्शक लिन-मॅन्युएल मिरांडाने रंगमंच लपवलाच नाही. लार्सन पियानोपाशी बसून प्रेक्षकांना सांगतोय आणि तिथून आपण त्याच्या आयुष्यात जातो. फार हुशारीने केलंय. पण मूळ प्रयोगच एका माणसाचं निवेदन होतं. ‘रेंट’मधल्या आठ जणांचा गोतावळा सांभाळणं वेगळं.

राहिला नटांच्या वयाचा मुद्दा. आठपैकी सहा मुख्य नट मूळ नाटकातलेच घेतले, ते सिनेमात पस्तिशीच्या आसपास दिसतात, आणि पस्तिशीतला माणूस भाडं भरणार नाही म्हणाला की बंडखोर वाटत नाही, आळशी वाटतो. विशीतली नवी मुलं हवी होती, असं मी ठासून सांगायचे. मात्र २५ जानेवारी १९९६ला, पहिल्या प्रयोगाच्या पहाटे, लार्सन ३५व्या वर्षी गेला. त्या संध्याकाळी प्रयोग रद्द करून हीच मंडळी त्याच्या आप्तांसमोर नुसती बसून गाणार होती. अर्ध्यातच राहवेना, उठून नाचू लागली. ‘आता तुमचं वय झालं’ हे त्यांना मी सांगितलं असतं का? बहुतेक सांगितलं असतं. सिनेमा त्याने सुधारला असता की नाही, हे मात्र माझं अजून ठरत नाही.