मशीन बंद केल्यानंतरचे अर्धे मिनिट

माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी साधारण दीड सेंटिमीटर लांबीचा एक पांढुरका व्रण आहे. तो कशाचा, असे कोणी विचारले की मी ‘ग्राइंडर लागला’ एवढेच सांगून मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठिणग्या उडवत लोखंड कापणारा मी उभा राहतो. प्रत्यक्षात त्या वेळी कापायचे काम संपलेले होते. मी ग्राइंडर बंद केला, टेबलावर आडवा ठेवला आणि पलीकडचे फडके घ्यायला हात पुढे केला. बटण बंद झाले म्हणजे चकती थांबली, असे माझ्या हाताने परस्पर ठरवून टाकले होते.

चार इंची ग्राइंडर भार नसताना मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. चकतीचा व्यास १०० मिलिमीटर धरला तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. एवढा वेग बटण दाबताच शून्यावर येत नाही. पंखा बंद केल्यावर पाती काही वेळ फिरत राहतात हे आपण रोज पाहतो आणि पाती दिसत असल्यामुळे तिथे हातही घालत नाही. ग्राइंडरची चकती मात्र सगळीकडून सारखीच दिसत असल्यामुळे ती फिरत असतानाही स्थिर वाटते. फिरते आहे हे फक्त आवाजावरून कळते, आणि मी कानात बोळे घातलेले होते. ते घालणे योग्यच होते, पण त्यामुळे आवाजाऐवजी डोळ्यांवर विसंबावे लागते हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

जखम किरकोळ होती, तरी तिने मला आधीच्या दुखापतींचा हिशेब करायला लावले. तो केल्यावर असे दिसले की प्रत्यक्ष कापताना, भोक पाडताना किंवा तासताना मला फारसे कधी लागलेले नाही, कारण त्या वेळी सगळे लक्ष तिथेच असते. लागले ते आधी किंवा नंतर : ड्रिलचे बिट (भोक पाडणारी टोकदार सळई) बदलताना, तुकडा बाजूला करताना, कीस झटकताना, गॉगल काढताना. ड्रिलच्या बिटाने तर दोनदा भाजले. पोलादात भोक पाडून बाहेर आलेले बिट दिसायला जसेच्या तसे असते, पण त्याला हात लावण्यासारखी स्थिती नसते. आणि त्याच्याभोवती गुंडाळलेला कुरळा कीस बोटाने ओढून काढायचा मोह झाला, तर भाजण्याच्या जोडीला बोटही चिरते. आता माझ्याकडे त्यासाठी एक जुना ब्रश आहे.

एक अपवाद नोंदवायला हवा. पातळ पत्र्यात भोक पाडायचे होते, एकच होते, म्हणून क्लॅम्प (पत्रा टेबलाला आवळून धरणारी पकड) लावायचा कंटाळा केला आणि पत्रा हाताने दाबून धरला. बिट पत्र्याच्या आरपार जाण्याच्या क्षणी त्याची धार कडेत अडकते आणि पत्रा बिटाबरोबर फिरू लागतो. तो माझ्या हातातून सुटून गरकन फिरला, तळहाताला ओरखडा उठला आणि एका नखाखाली रक्त साकळले. ते नख पूर्ण नवे यायला काही महिने लागले आणि तेवढे महिने ‘एकच तर भोक आहे’ हे वाक्य माझ्या डोळ्यांसमोर काळेनिळे होऊन राहिले.

डोळ्याचा प्रसंग मात्र किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. तासभर लोखंड घासले, तेवढा वेळ गॉगल डोळ्यांवर होता, काम संपल्यावर तो काढला आणि मनगटाने कपाळावरचा घाम पुसला. भुवयांत आणि केसांत साठलेली लोखंडाची भुकटी त्या पुसण्याबरोबर खाली आली. लगेच थोडे खुपले, पाण्याने डोळा धुतला, बरे वाटले असे वाटले. रात्री उजेडाकडे पाहवेना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळा बधिर करणारे थेंब घालून, सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहत, बुबुळावर रुतलेला कण काढला. तेवढ्या वेळात कणाभोवती गंजाचे कडे तयार झालेले होते आणि तेही वेगळे खरवडावे लागले. लोखंडाचा कण डोळ्याच्या ओलाव्यात काही तासांतच गंजू लागतो, त्यामुळे ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हा निर्णय चुकीचा होता. आणि डोळा चोळणे त्याहून चुकीचे होते, तेही मी केले होतेच. हातोड्याने पोलादावर पोलाद ठोकताना उडालेला कण असेल, तर तो डोळ्याच्या आत शिरलेला असू शकतो. तिथे धुणे, चोळणे, दाबून पट्टी बांधणे यांपैकी काहीही न करता, डोळ्यावर दाब येणार नाही असे एखादे झाकण धरून थेट दवाखाना गाठावा लागतो.

टेबलावरच्या गोल करवतीला मी आजही घाबरतो आणि ती भीती गेली तर मला काळजी वाटेल. पाते दहा इंची, फेरे मिनिटाला ४,०००, दाते ४० असे धरून एकदा कागदावर गणित केले. काहीतरी चुकते आहे हे कळून हात मागे यायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात पाते तेरा फेरे पुरे करते आणि एकाच जागेवरून पाचशेहून अधिक दाते जातात. म्हणजे ‘लागलेच तर पटकन हात काढू’ या भरवशाला काही अर्थ नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्ह गॅस यांनी पात्याला त्वचेचा स्पर्श होताच विजेच्या सूक्ष्म बदलावरून तो ओळखणारी आणि पात्यात ॲल्युमिनियमचा ठोकळा घुसवून ते सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबवणारी यंत्रणा तयार केली, ती या गणितामुळेच. माझ्या करवतीला ती नाही. माझ्याकडे आहे ती लाकूड पुढे ढकलायची काठी, आणि पात्यामागे उभी असलेली पट्टी, जी कापलेल्या फटीचे दोन भाग आवळून पाते धरू देत नाही व लाकूड उलटे अंगावर फेकले जाण्याची शक्यता बरीच कमी करते. कित्येक जण ही पट्टी अडचण होते म्हणून काढून ठेवतात. लहान ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे चकतीवरचे संरक्षक झाकण, काढून त्यावर सात इंची चकती बसवणारेही मी पाहिले आहेत. त्या चकतीवर कमाल वेग मिनिटाला ८,५०० फेरे असा छापलेला असतो. ११,००० वर ती फुटली तर तुकडे अडवायला काहीही उरत नाही.

हातमोज्यांबद्दल माझे मत बऱ्याच जणांना उलटे वाटते. पत्रे उचलताना ते हवेतच, पण उभ्या ड्रिलवर, लेथवर आणि गोल करवतीवर मी ते काढून ठेवतो. उघडे बोट लागले तर कापते. मोज्याचे टोक अडकले तर मोजा आतल्या हातासकट ओढला जातो. अंगठी, कडे आणि सैल बाही यांनाही हेच लागू आहे.

लागल्यानंतरचे उपाय बहुतेकांना माहीत असतात, तरी दोन-तीन ठिकाणी चूक होते. रक्त थांबवायला स्वच्छ कापडाने दाबून धरायचे, तर दर मिनिटाला उचलून पाहायचे नाही. दहा मिनिटे सलग दाब द्यायचा. थांबल्यावर बोट नीट वाकते का, सरळ होते का आणि टोकाला स्पर्श कळतो का हे पाहायचे, कारण छोट्याशा चिरेखाली स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी किंवा मज्जातंतू तुटलेला असू शकतो. भाजल्यावर बर्फ किंवा टूथपेस्ट न लावता वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे हात धरायचा. वीस मिनिटे उभे राहणे किती कंटाळवाणे असते हे धरल्यावरच कळते. धनुर्वाताचा संबंध गंजाशी नसून मातीत आणि धुळीत असणाऱ्या जंतूंशी आहे, त्यामुळे चकचकीत पटाशी लागली म्हणून लसीची तारीख विसरायचे कारण नाही. आणि दाबाने रंग किंवा ग्रीस फवारणाऱ्या यंत्राच्या तोंडाने बोटाला टोचले असेल, तर दिसते ते फक्त सुईच्या टोकाएवढे भोक, दुखतही फारसे नाही, पण आत गेलेला पदार्थ बोटभर पसरलेला असतो आणि तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट गमवावे लागू शकते. दिसायला सर्वांत किरकोळ अशी ही जखम आहे आणि तिच्यासाठी एक तासही वाट पाहू नये.

माझ्या सवयी बदलल्या त्या थोड्याच. बंद केलेला ग्राइंडर मी आता दोन्ही हातांत तसाच धरून ठेवतो आणि चकतीवरची छपाई वाचता येऊ लागल्यावरच खाली ठेवतो. पाते किंवा बिट बदलण्याआधी विजेची पिन सॉकेटमधून काढतो आणि ती समोर, हाताखाली दिसेल अशी टेबलावर ठेवतो. मला सुतारकाम शिकवणारे काका हे न चुकता करत आणि मला तेव्हा तो म्हातारपणाचा भित्रेपणा वाटत असे. गॉगल सर्वांत शेवटी निघतो. त्याआधी मान खाली घालून केस आणि भुवया झटकतो, आणि काढताना डोळे मिटलेले असतात.

प्रथमोपचाराची पेटी पूर्वी कपाटाच्या वरच्या खणात होती. अंगठा कापला त्या दिवशी ती काढायला, उघडायला आणि पट्टीचे वेष्टन फाडायला माझ्याकडे एकच हात मोकळा होता आणि शेवटी वेष्टन मी दातांनी फाडले. आता ती दाराशेजारी छातीच्या उंचीवर टांगलेली आहे, पट्ट्या आधीच कापून ठेवलेल्या आहेत. त्यातला कूस काढायचा चिमटा मात्र वारंवार गायब होत असे, कारण बारीक स्क्रू उचलायला तो मीच पळवत होतो. अखेर त्याला दोरी बांधली आहे.